विहिरीवर वाचलेली बातमी

“...मग ‘हिचा’ हा शब्द ‘पाय’ला लागतो, की ‘मृत्यू’ला?”

तांबोळी मास्तर ओसरीवर बसले होते.

ते विड्याची पानं पुसत होते. ओल्या गोणपाटाखालून एक पान काढायचं, फडक्यानं पुसायचं, उलटं करून पाहायचं, टोपलीत ठेवायचं. मग पुढचं पान.

“मास्तर, माझा प्रश्न ऐकलात ना?”

“पाय कोणाचा घसरला?”

“त्या बाईचा. सुमित्रा पाटीलचा.”

“कोणी पाहिलं?”

हेमकांत शिनकर हसला. “मी व्याकरणाचं विचारतोय, मास्तर.”

“मीही.”

हेमकांत गिरणाकाठच्या एका दैनिकात उपसंपादक होता. तालुक्याचं पान त्याच्या ताब्यात. वय तिशीच्या आत, आणि ऱ्हस्व-दीर्घावर हात असा बसलेला की जेवायला गेला तरी खानावळीच्या पाटीवरच्या चुका आधी मोजायचा, मग ताटाकडे बघायचा. नियम बदलले की सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं. कुठला अनुस्वार गेला, कुठला राहिला, आकडे अक्षरात कधी लिहायचे, मथळ्यात क्रियापद कधी गाळायचं, सगळं त्याला तोंडपाठ.

दैनिकासाठी त्यानं एक शैलीपुस्तिका लिहायला घेतली होती. एकशे बारा नियम झाले होते. तिच्या पहिल्या पानावर तांबोळी मास्तरांचे दोन शब्द आणि खाली त्यांची सही हवी, असं त्याच्या मनात होतं.

मास्तर म्हणजे रहमतुल्ला तांबोळी. घरचा धंदा पानांचा, पण छत्तीस वर्षं त्याच दैनिकात मुद्रितशोधक. छापून जाणारा एकेक शब्द आधी त्यांच्या डोळ्यांखालून जायचा. शेजारी बसून कोणीतरी मूळ प्रत मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि जुळवणीत जे तिच्याशी जुळलं नाही ते मास्तर खोडायचे. त्यांच्याबद्दल कार्यालयातली जुनी माणसं काही काही सांगायची. आवाज खाली आणून सांगायची.

एकदा बस नदीत कोसळली. मेलेल्यांची सात नावं आली. त्या वेळी शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. मास्तरांनी जुळवलेल्या ओळींवरून बोट फिरवलं आणि सातवं नाव काढून टाकलं. संपादक भडकले. मास्तर म्हणाले, “सहा नावं हाताला गार लागतात. हे लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सातवा माणूस दोन कोसांवरच्या उसाच्या फडात सापडला. पाय मोडलेला, पण जिवंत.

हेमकांतचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्याला फक्त सही हवी होती.

“वाच,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“बातमी.”

बातमी त्याच्या पुस्तिकेत होती. ‘आदर्श बातमी’ म्हणून त्यानं आपणच लिहिलेली, आठ दिवसांपूर्वी छापून आलेली बातमी घातली होती. कोण, कुठे, कधी, कसे, सगळं एका वाक्यात. त्यानं ती खणखणीत आवाजात वाचली.

“‘करमोडे येथील विवाहिता सुमित्रा हिलाल पाटील (वय २४) हिचा पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडल्याने सोमवारी दुपारी मृत्यू झाला.’ आता आमच्याकडचा एक जण म्हणतो, ‘हिचा’ हा शब्द ‘पाय’लाही लागू शकतो...”

“लागतो.”

“म्हणजे माझं चुकलं?”

“‘हिचा’ पायाला लागला, तर मृत्यू कोणाचा?”

हेमकांतनं वाक्य पुन्हा वाचलं.

“बेवारस राहिला ना?” मास्तर पान उलटं करत म्हणाले.

“मग ‘हिचा’ मृत्यूच्या आधी घेतो. झालं.”

“ही बातमी तू कुठे वाचून पाहिलीस?”

“कार्यालयात. कुठे वाचणार?”

“जिथली बातमी, तिथं वाच. मोठ्यानं. ती ज्या वेळेला गेली त्या वेळेला.”

“मास्तर, छापून आठ दिवस झालेत...”

“मग तर लवकर जा.”

सहीचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी हेमकांतनं मोटारसायकल काढली. म्हाताऱ्याचा हट्ट पुरवू, परत येऊन सही घेऊ, एवढाच त्याचा विचार होता. वैशाखाचं ऊन. करमोडे गाव दारं लावून बसलेलं. पाराजवळच्या कडुलिंबाखाली एक म्हातारा बाजेवर पडला होता, त्याला त्यानं पाटलांच्या मळ्याची वाट विचारली.

“आत्ता जाऊ नका, पाहुणे,” म्हातारा म्हणाला. “बारा वाजायला आले. या वेळेला साती आसरा पाण्यावर असतात. विहिरीत डोकावू नये.”

“त्या बाईचं नेमकं काय झालं हो?”

“कोणाचं, सुमित्राचं? पाय घसरला.”

“तुम्ही पाहिलंत?”

“मी कशाला पाहू?” म्हातारा उठून बसला. “पेपरात आलंय ना!”

हेमकांतला आधी बरं वाटलं. गाडीला किक मारता मारता मात्र ते बरं वाटणं कुठेतरी गळून पडलं.

मळा गावापासून अर्ध्या कोसावर होता. बांधापलीकडे कोणाची तरी लिंबाची बाग. पानही हलत नव्हतं. विहिरीजवळ गाडी बंद केली, तेव्हा इतकी शांतता झाली की त्याला आपल्याच कानातली शीळ ऐकू आली.

विहीर वरून दगडांनी बांधलेली, खाली कच्ची माती. मातीतून वाळकं गवत लोंबत होतं. पाणी खूप खोल, काळं.

तो कठड्याजवळ गेला, आणि पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की कठडा त्याच्या कमरेइतका होता.

दुसरी गोष्ट, वर लोखंडी चाक होतं. दोर त्याच्यावरून खाली जायचा. पाणी शेंदायला खाली उतरायची गरज नव्हती, वाकायचीही नव्हती. दगड कोरडे ठणठणीत. शेवाळाचा मागमूस नाही.

‘पाणी शेंदताना पाय घसरून.’ हे त्यानं फोनवर ऐकून लिहिलं होतं. गावच्या वार्ताहरानं सांगितलं, त्यानं वाक्य घासूनपुसून चकचकीत केलं. वीस शब्दांची बातमी, दहा मिनिटांचं काम.

घड्याळात बारा वाजले होते. त्यानं कात्रण काढलं. एकट्यानं विहिरीशी बोलायचं म्हणजे लाज वाटत होती. तरी वाचलं, तुकड्यातुकड्यानं.

“करमोडे येथील विवाहिता...”

‘करमोडे येथील विवाहिता...’ विहिरीनं परत दिलं.

“सुमित्रा हिलाल पाटील...”

‘सुमित्रा हिलाल पाटील...’

“हिचा पाणी शेंदताना...”

‘हिचा पाणी शेंदताना...’

“पाय घसरून...”

काही आलं नाही.

“विहिरीत पडल्याने...”

‘विहिरीत पडल्याने...’

हेमकांत थबकला. वाऱ्यानं गेलं असेल म्हणावं, तर वारा नव्हता. त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सगळं परत आलं. तेवढे दोन शब्द आले नाहीत.

तिसऱ्यांदा तो कठड्यावर वाकला आणि घसा ताणून ओरडला, “पाय घसरून!”

विहीर गप्प.

“हेमकांत!”

‘हेमकांत...’

नको ते करतोय हे कळत होतं, तरी तो हळूच म्हणाला, “सुमित्रा...”

उत्तर आलं. थोडं उशिरानं आलं. आणि खोल पाण्यातून यावं तसं नाही, तर कठड्याच्या अगदी आतल्या बाजूनं यावं, तितकं जवळून आलं.

तो मागे सरला, वळला, आणि ओरडलाच.

बांधावरच्या बाभळीखाली एक बाई बसली होती. कधी आली, की आधीपासून होती, कोण जाणे. डोक्यावरून पदर, गुडघ्यांना हातांची मिठी. बाभूळ इतकी विरळ, की सावली तिच्यावर पडत नव्हती, तरी तिथंच बसली होती.

“भ्याला का, भाऊ?” ती म्हणाली. “मी केवळबाई. सुमित्रानी माय.”

शेजारच्या गावाहून ती रोज चालत यायची. बाराला यायची, ऊन कललं की जायची. पोर एकटी आहे म्हणून, असं तिनं सांगितलं.

“तू काय वाचस?”

“पेपर...”

तिनं कमरेची पिशवी सोडली. आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कात्रण काढलं. तेच. त्याचंच.

“माले वाचता येत नही. सारा म्हनतस, पेपरमा उनं, पाय घसरना. फौजदारबी तेच म्हने. मी पोऱ्यासले विचारं, कोठे लिखेल शे ते दखाडा. त्यास्नी दखाडं.”

तिनं कात्रण त्याच्यासमोर धरलं. पोरांनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी, ‘पाय घसरून’ होतं तिथं, वाक्याच्या मधोमध भोक होतं. कागद कुरतडलेला नव्हता, फाटलेलाही नव्हता. कोणीतरी ओल्या अंगठ्यानं रोज थोडं थोडं घासत राहावं तसा झिजून गेला होता.

त्या भोकातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

“मनी पोरना पाय घसरना नही, भाऊ.”

हेमकांत म्हणाला, “आत्ता मी वाचत होतो, तेव्हा विहिरीतून... तुम्हाला ऐकू आलं का?”

“तू वाचस ते ऐकू उनं,” ती म्हणाली. “दुसरं काय ऐकू येवाव?”

तो कार्यालयात आला आणि टेबलाशी बसून राहिला. संध्याकाळपर्यंत बातमी चार वेळा नव्यानं लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या ओसरीवर गेला तेव्हा डोळे तांबारलेले होते.

विहिरीवर काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही. मास्तरांनी विचारलं नाही.

“दुरुस्त करून आणलीय,” तो म्हणाला. “‘पाय घसरून विहिरीत पडल्याने तिचा मृत्यू झाल्याचे सांगण्यात आले.’”

“कोणी सांगितलं?”

“सांगण्यात आलं. कर्मणी प्रयोग आहे. बातमीत चालतो.”

“चालतो. सांगणारा कुठे गेला?”

“तो... गृहीत असतो.”

“लपलेला असतो,” मास्तर म्हणाले. “तुझ्या वाक्यात लपलाय. दार तूच लावून घेतलंस.”

हेमकांत एकेक धागा ओढत बोलू लागला. “मला वार्ताहरानं सांगितलं. वार्ताहराला पोलीस पाटलांनी. पोलीस पाटलांना...”

“हं?”

“...तिच्या थोरल्या दिरानं. भटू पाटलानं.”

“त्याला?”

“त्याच्या मागे कोणी नाही, मास्तर. धागा तिथंच संपतो.”

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच.

“मग तसं लिही,” ते म्हणाले.

हेमकांतनं तिथंच ओसरीवर बसून लिहिलं. शोभेचं काही लिहिलं नाही. लिहून झालं तसा उठला, आणि न सांगता करमोड्याची वाट धरली. का, ते त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बारा वाजता तो कठड्याशी उभा राहिला. केवळबाई बांधावर होती. तिनं मान हलवली, जणू रोजचंच.

“सुमित्रा हिलाल पाटील हिचा मृतदेह विहिरीत आढळला.”

विहिरीनं अख्खं वाक्य परत दिलं.

“पाणी शेंदताना तिचा पाय घसरला, असे तिचा थोरला दीर भटू पाटील याने पोलीस पाटलांना सांगितले.”

हेही आलं. ‘पाय घसरला’सकट आलं. तेच शब्द. मागच्या वेळेला गिळलेले, आता सांगणाऱ्याच्या नावानिशी परत आलेले.

“विहिरीचा कठडा कमरेइतका उंच असून दगड कोरडे आहेत.”

आलं.

“माझ्या मुलीचा पाय घसरलेला नाही, असे तिची आई केवळबाई यांचे म्हणणे आहे.”

आलं... हळू आलं.

शेवटचं वाक्य राहिलं होतं. ते त्यानं सगळ्यात सावधपणे लिहिलं होतं, त्यात चूक असायला जागाच नव्हती.

“तिला पडताना कोणी पाहिले नाही.”

‘तिला पडताना कोणी पाहिले...’

तो वाट पाहत राहिला.

पुढचा शब्द आलाच नाही.

“नाही,” तो म्हणाला. मग ओरडला. “नाही! नाही!”

खाली पाणी काळं आणि सपाट. लिंबाच्या बागेत एक होला घुमत होता, तोही थांबला.

मास्तर दारातच उभे होते, जणू त्याचीच वाट पाहत. हेमकांतनं गाडी नीट लावलीसुद्धा नाही. या वेळेला त्यानं सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी न आलेले दोन शब्द, कात्रणातलं भोक, आणि आज न आलेला ‘नाही’.

“वेड लागलंय मला, असं वाटतंय ना तुम्हाला?”

मास्तरांनी हात पुढे केला. कागद घेतला. चष्मा शोधला, पुसला, लावला. पहिल्या चार वाक्यांवरून त्यांचं बोट सरळ गेलं. पाचव्यावर थांबलं.

“कोणी पाहिलं नाही... हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. पण कोणी पुढेच आलेलं नाही, म्हणून...”

त्यानं कागद परत मागितला.

मास्तरांनी लाल पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. हेमकांतनं वाक्य खोडलं, नवं लिहिलं. ‘तिला पडताना पाहिले, असे सांगणारे कोणी पुढे आलेले नाही.’

मास्तरांनी पेन्सिल परत घेतली. ‘सांगणारे’ आणि ‘कोणी’ यांच्यामध्ये एक खूण केली, आणि समासात एकच शब्द लिहिला.

अजून.

“एवढंच?” हेमकांत म्हणाला.

“छत्तीस वर्षांत मी दुसरं काही केलं नाही,” मास्तर म्हणाले.

संपादकांनी कागद वाचला आणि टेबलावर टाकला.

“दहा दिवसांपूर्वीची बातमी पुन्हा? खुलासा दिला की पेपर चुकला असं होतं, शिनकर.”

“चुकलाच आहे.”

“तुझी पुस्तिका छापायला निघालीय. तिच्यात हीच बातमी नमुना म्हणून आहे ना? लोक हसतील.”

“ती बातमी काढून टाकतो.”

“आणि त्या भटू पाटलानं वकील केला तर?”

“तो म्हणाला तेवढंच लिहिलंय. एक शब्द जास्त नाही.”

संपादकांनी कागद परत त्याच्याकडे सरकवला. “तुझ्या नावानं छाप,” ते म्हणाले. “पेपरच्या नावानं नाही. पुढे जे होईल ते तुझ्या नावावर.”

आजवर शुद्धलेखनाच्या चुकीसाठी इतरांना उभं करणाऱ्या हेमकांतनं स्वतःच्या नावाखाली लिहिलं, ‘या दैनिकात पूर्वी प्रसिद्ध झालेली बातमी मी शहानिशा न करता लिहिली होती.’ आणि खाली ती पाच वाक्यं दिली.

छापून आली त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी वार्ताहराचा फोन आला, करमोड्यात तुमच्या नावानं शिव्या चालल्यात म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयाच्या जिन्यात एक बाई येऊन बसली. हातात लिंबांची पिशवी. वर यायला तयार नव्हती. हेमकांत खाली गेला.

“ते तुम्ही लिहिलंय ना?” तिनं विचारलं. “मी सिंधूबाई. पाटलांच्या विहिरीला लागून जी लिंबाची बाग आहे, तिथं मी राखणीला असते.”

“बोला ना.”

“पहिल्यांदा पेपरात आलं, पाय घसरला. मला वाटलं, पेपरवाल्यांना ठाऊकच असेल. शिकलेली माणसं... आपण पाहिलं ते खोटं असेल.” ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. “मग परवा नातीनं वाचून दाखवलं. पाहिलं असं सांगणारं अजून कोणी आलेलं नाही. ‘अजून’ म्हणाली ती. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं तीनदा वाचलं.”

“...आणि?”

“तो ‘अजून’ माझ्यासाठी होता ना, भाऊ?”

हेमकांत तिच्याजवळ पायरीवर बसला.

“विहिरीवर दोघं गेली होती,” सिंधूबाई म्हणाली. “ती आणि भटू. तिचं ओरडणं आलं. एकदाच. मग तो एकटा परत गेला. पळत नाही गेला, भाऊ... चालत गेला. माझ्या कुंपणापाशी थांबला, बागेतून एक लिंबू तोडलं, आणि गेला.”

त्यानं तिला पाणी दिलं. मग तिच्याबरोबर ठाण्यात गेला. तिचा जबाब झाला तोवर तो बाहेरच्या बाकावर बसून होता. आत काय लिहून घेतात ते त्याला दिसत नव्हतं, फक्त तिचा आवाज येत होता, आणि मधून मधून फौजदार विचारत होते, “कोणी? नाव सांगा. कोणी?”

दोन दिवसांनी भटू पाटलाला नेलं. गावानं आता उलटं बोलायला सुरुवात केली, आम्हाला आधीपासूनच संशय होता म्हणून.

विहिरीचा पंचनामा नव्यानं झाला, तेव्हा बातमीसाठी हेमकांत तिथं होता. दोर बांधून एक शिपाई आत उतरला होता, आणि फौजदार कठड्यावरून त्याला हाका मारत होते. त्याला काही ऐकू जाईना. फौजदारांचा आवाज बसला.

“उगाच ओरडू नका, साहेब,” गावातला एक जण म्हणाला. “या विहिरीत आवाज घुमत नाही. कच्ची माती आहे ना, आवाज पिऊन टाकते. माझ्या आज्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. हिच्यात हाक मारली तर परत येत नाही.”

हेमकांतच्या हातातली वही तशीच राहिली.

सगळे गेल्यावर तो मागे थांबला. बांधावर पाहिलं. केवळबाई त्या दिवशी आली नव्हती, त्यानंतर कधी आली नाही. तो कठड्यावर वाकला आणि स्वतःचं नाव घेतलं.

काही आलं नाही.

त्यानं आपली जुनी बातमी म्हटली. नवी म्हटली. मग ते एक नाव घेतलं, आधी हळू, मग जोरात. शब्द तोंडातून निघायचे आणि कापसात पडावेत तसे नाहीसे व्हायचे. खाली नुसतं पाणी होतं. कुठल्याही विहिरीत असतं तसं.

तो तसाच मास्तरांकडे आला. ओसरीवर बसला.

“मास्तर...”

“हं.”

“त्या विहिरीत आवाज घुमतच नाही म्हणे.”

“नाही घुमत.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

मास्तरांनी एक पान उचलून पुसायला घेतलं.

“मग मी वाचत होतो,” हेमकांत म्हणाला, “तेव्हा मला एकेक शब्द कोण वाचून दाखवत होतं?”

मास्तरांनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला.

“मूळ प्रत जिच्याजवळ होती... ती.”